बटण लाल झालं का?

बिनचूकरावांना खोकल्याचा विकार अजिबात नव्हता. पण गच्चीवर कपडे वाळत घालताना बायकोने "अहो, तो लाल चिमटा द्या जरा" म्हटलं, की त्यांना हमखास खोकला येई. इतका, की चिमट्यांची टोपली तिथेच ठेवून त्यांना पाणी प्यायला खाली जावं लागे. बाजारात पिकलेला टोमॅटो कोणता हे ते दाबून ठरवत आणि भाजीवालीची बोलणी खात. चौकातला सिग्नल त्यांना वरचा-खालचा असा पाठ होता. एखाद्या चौकात आडवा सिग्नल लावलेला असला की ते स्कूटर कडेला घेऊन चाकातली हवा बघत बसत आणि बाकीच्या गाड्या सुटल्या की आपणही सुटत. थोडक्यात सांगायचं तर लाल आणि हिरवा हे दोन रंग त्यांच्या डोळ्यांना एकच दिसत, आणि ही गोष्ट आपल्याखेरीज पृथ्वीच्या पाठीवर कुणालाही ठाऊक नाही अशी त्यांची बावीस वर्षांची खात्री होती.

'बिनचूक' हे नाव त्यांना ऑफिसने दिलेलं. दुकानं, गोदामं, दवाखाने यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका छोट्याशा कंपनीत ते नोकरीला होते, आणि एकोणीस वर्षांत त्यांच्या कामात चूक काढून दाखवणारा माईचा लाल निघाला नव्हता. रंगाचं काम आलं तरी त्यांचं अडत नसे. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक रंगाला एक आकडा असतो. तो लिहिला की रंग येतो. लिहिणाऱ्याला तो दिसलाच पाहिजे अशी काही अट नसते. शिवाय शेवटी सगळं डोळ्यांखालून घालायला तपासणीच्या बाई होत्या. त्या "छान" म्हणाल्या की बिनचूकरावही "मला वाटलंच" म्हणत.

तरीसुद्धा एक काटा होता. नोकरीला लागताना भरून दिलेल्या फॉर्मात चौदावा प्रश्न होता, 'रंग ओळखण्यात काही दोष आहे काय?' आणि त्यापुढे बिनचूकरावांनी आपल्या वळणदार अक्षरात 'नाही' असं लिहिलं होतं. खाली बारीक टायपात छापलं होतं, 'माहिती खोटी आढळल्यास नोकरी तत्काळ संपुष्टात येईल.' तो फॉर्म दुसऱ्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात होता. त्या कपाटापाशी कुणी नुसतं उभं राहिलेलं दिसलं तरी बिनचूकराव हातातलं काम सोडून जिन्यात येरझाऱ्या घालत. एकोणीस वर्षांत त्या कपाटाला दोनदा नवं कुलूप लागलं आणि दोन्ही वेळा त्यांचं जेवण गेलं.

अशा माणसाला एके दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "एक बटण लाल करायचंय."

गोष्ट अशी होती. गावातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीवर यांच्या कंपनीचा प्रोग्रॅम चाले. खिडकीवाले औषधाच्या बाटलीवरची पट्टी यंत्रासमोर धरत, पडद्यावर औषधाची माहिती येई, खाली 'औषध द्या' असं हिरवं बटण असे, ते दाबलं की पावती निघे. गेल्या महिन्यात मुदत उलटून गेलेलं खोकल्याचं औषध एका आजीबाईंच्या हातात पडलं होतं. आजीबाईंनीच तारीख वाचली म्हणून निभावलं.

"तारीख उलटली असेल तर बटण लाल, नाहीतर हिरवं," साहेब म्हणाले. "दहा मिनिटांचं काम. पुढच्या महिन्यात पहिल्या गुरुवारी दाखवायचं. पसंत पडलं तर त्यांचं पाच वर्षांचं काम आपलं."

"आणि नाही पडलं तर?"

साहेबांनी खाली फरशीकडे पाहिलं. फरशीच्या खाली तळमजला होता आणि तळमजल्यावर तक्रारींचा फोन होता. मागच्या वर्षी ज्यांच्या हातून हिशेबाचा प्रोग्रॅम बिघडला होता ते गृहस्थ तेव्हापासून तो फोन घेत होते, आणि आता घरीसुद्धा बायकोने हाक मारली की "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे" म्हणत.

बिनचूकरावांनी काम सात मिनिटांत केलं. बटणासाठी त्यांनी एक नियम लिहिला: नोंदीतली तारीख आजच्या आधीची असेल तर लालचा आकडा, नसेल तर हिरव्याचा. तपासणीच्या बाईंनी खोट्या तारखा घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "झालं हो लाल." "मला वाटलंच," बिनचूकराव म्हणाले. गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण हॉस्पिटलातून पत्र आलं की इमारतीत कोणताही नवा रंग आणायचा तर तो समितीपुढे ठेवावा लागेल.

समितीत तिघे होते. अध्यक्ष हॉस्पिटलचे अधीक्षक, मग आगीचे अधिकारी आणि मेट्रनबाई. कोपऱ्यातल्या खुर्चीवर औषधांच्या खिडकीवर तीस वर्षं बसणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना सगळे खिडकीकाका म्हणत. बटण तेच दाबणार होते, म्हणून त्यांना नुसतं हजर राहायला सांगितलं होतं.

"लाल रंग," आगीचे अधिकारी टेबलावर बोट आपटत म्हणाले, "या इमारतीत फक्त आग विझवायच्या सामानाला. उद्या आग लागली आणि लोक तुमचं बटण घेऊन धावले तर?"

"लाल दिसला की पेशंट घाबरतात," मेट्रनबाई म्हणाल्या.

"बटण खिडकीच्या आत आहे, बाई. पेशंटला ते दिसणार नाही," बिनचूकराव नम्रपणे म्हणाले.

"खिडकीवाल्याला तर दिसेल ना? तो घाबरेल. आणि घाबरलेला खिडकीवाला पेशंटला दिसतो!"

खिडकीकाकांनी हात वर केला. अधीक्षक म्हणाले, "तुमचं शेवटी घेऊ." शेवटी वेळ संपली. ठरलं असं, की बिनचूकरावांनी लालच्या सहा आणि हिरव्याच्या सहा छटा, छापील, तीन तीन प्रतींत, शिफारशीसह सादर कराव्यात.

शिफारशीसह! बारा छटा म्हणजे बिनचूकरावांच्या दृष्टीने एकाच शेवाळी-तपकिरी रंगाचे बारा कागद. त्यातून निवड करायची, आणि का केली तेही लिहून द्यायचं! बायकोला विचारावं तर बावीस वर्षांचा खोकला वाया जाणार. ऑफिसात विचारावं तर दुसऱ्या मजल्यावरचं कपाट. रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी शेजारच्या मास्तरांचं दार वाजवलं. मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सल्ला विचारणारा माणूस गेल्या चार वर्षांत भेटला नव्हता.

"लाल म्हणजे कोणता लाल?" मास्तरांनी सुरुवातच केली. "विटेचा, गेरूचा, डाळिंबाचा, की सर्दी झालेल्या नाकाचा?"

"तुम्हाला कोणता योग्य वाटतो?" बिनचूकराव शिताफीने म्हणाले.

"मला काय वाटतं ते सोडा. तुमच्या डोळ्यांना काय वाटतं?"

बिनचूकरावांना खोकला आला.

पाणी पिऊन झाल्यावर मास्तरांनी बाराही कागद जमिनीवर पसरले, गुडघ्यांवर बसले, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. तासाभराने त्यांनी दोन कागद उचलले. "हे घ्या. या दोन रंगांचं वजन अगदी सारखं आहे. एक गडद आणि एक फिका असला की डोळ्याला झोका बसतो. हे दोघे शेजारी शेजारी ठेवा, कुणी कुणाला दाबणार नाही. शिफारशीत लिहा, 'समतोल'."

मास्तरांचं काही चुकत नव्हतं. पण आजवर लाल आणि हिरव्यातला जो काही थोडाफार फरक बिनचूकरावांना कळे तो एक गडद आणि एक फिका असल्यामुळेच. तो आधारही मास्तरांनी सद्भावनेने काढून घेतला. बिनचूकरावांनी मनापासून आभार मानले, 'समतोल' लिहिलं, आणि कागदांची अदलाबदल होऊ नये म्हणून लालच्या कागदाचा कोपरा गुपचूप दुमडून ठेवला.

पुढच्या बैठकीत तो दुमडलेला कोपरा मेट्रनबाईंनी सरळ केला, कारण त्यांना टापटीप आवडते. त्यानंतरची वीस मिनिटं बिनचूकरावांनी दोन्ही कागदांकडे बोट न दाखवता दोन्ही कागदांबद्दल भाषण कसं केलं हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. खिडकीकाकांनी पुन्हा हात वर केला. "तुमचं शेवटी," अधीक्षक म्हणाले. छटा मंजूर झाल्या. मंजुरीचं पत्र मात्र टायपिस्टकडे, तिथून शिक्क्याला, शिक्क्याहून पुन्हा टायपिस्टकडे असं फिरत राहिलं आणि बुधवारी संध्याकाळी चार वाजता बिनचूकरावांच्या टेबलावर आलं. गुरुवारी सकाळी दहाला दाखवायचं होतं.

पत्रात लाल आणि हिरव्याचे मंजूर आकडे होते आणि खाली लाल शाईत (तसं निदान टायपिस्टने बाजूला लिहिलं होतं) बजावलं होतं, 'बटणाचा नेहमीचा रंग मंजूर हिरवाच असावा. कसूर झाल्यास जबाबदारी आपली.' जबाबदारी हा शब्द वाचून बिनचूकरावांना तळमजल्यावरचा फोन ऐकू यायला लागला. लालचा नवा आकडा त्यांनी नियमात घातला. हिरव्याचाही तिथेच घालायचा. पण नियमातून कसूर झाली तर? त्यापेक्षा आपण स्वतः, स्वहस्ते, थेट बटणालाच सांगून टाकू की बाबा, तू हिरवा. म्हणून हिरव्याचा आकडा त्यांनी नियमात न लिहिता बटणाच्या नावासमोर थेट लिहिला, दोनदा वाचला, पत्राशी ताडून पाहिला. तपासणीच्या बाई दाढ काढायला गेल्या होत्या. पण नियमात लालचा आकडा बरोबर होता. म्हणजे वेळ आली की बटण लाल होणारच, यात बघायचं काय?

तरी जीव थाऱ्यावर नव्हता. घरी गेल्यावर त्यांनी लॅपटॉप उघडला, मुदत संपलेल्या औषधाची नोंद लावली आणि बायकोला हाक मारली.

"अगं, बघ गं, कसं वाटतंय?"

बायको कणीक लागलेला हात पुसत आली. "काय, ते बटण? छान आहे की."

"म्हणजे, रंग कसा वाटतोय?"

"उठून दिसतोय."

"कोणता... म्हणजे कशासारखा वाटतोय?"

बायकोने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. काहीतरी बोलण्यासाठी तिने तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात बिनचूकरावांना खोकला आला, आणि ती निमूटपणे पाणी आणायला गेली.

गुरुवारी दहा वाजता हॉस्पिटलच्या सभागृहात भिंतभर पडदा लावला होता. समिती होती, साहेब नवी टाय लावून आले होते, मास्तरही 'कलासल्लागार' म्हणून स्वतःहून आले होते. बिनचूकरावांच्या छातीत असं धडधडत होतं की ते ध्वनिवर्धकातून ऐकू जाईल अशी त्यांना भीती वाटली आणि त्यांनी तो दूर सरकवला. त्यांनी ताज्या औषधाची बाटली यंत्रासमोर धरली. बटण हिरवं. माना डोलल्या. मग त्यांनी ती मुदत संपलेल्या खोकल्याच्या औषधाची बाटली उचलली, यंत्रासमोर धरली, आणि एकोणीस वर्षांत कधी काढला नव्हता असा खणखणीत आवाज काढला.

"आणि आता पाहा! लाल!"

कुणी टाळी वाजवली नाही. बिनचूकरावांना वाटलं, भारावले असतील. म्हणून त्यांनी पडद्याकडे हात करून आणखी समजावलं. "मंजूर छटा आहे. भडक नाही, पण दुरूनसुद्धा चटकन लक्षात येते. किती समतोल आहे, बघा!"

"हिरवं आहे," आगीचे अधिकारी म्हणाले.

बिनचूकराव हसले. विनोद समजून घ्यावा म्हणून हसले. मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब फरशीकडे पाहत होते.

"अहो, हिरवंगार आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "मघासारखंच." आणि खात्री करायला त्यांनी पुढे होऊन बटण दाबलं. यंत्राने कुरकुर केली आणि मुदत संपलेल्या औषधाची पावती सुबक छापून बाहेर काढली.

बिनचूकरावांच्या पायाखालची फरशी सरकली आणि त्यांना थेट तळमजल्यावरचा फोन दिसला. तरी त्यांचा हात सवयीने चालू लागला. त्यांनी प्रोग्रॅम उघडला, सगळ्यांसमोर, भिंतीएवढा. नियम वाचला. नियम बरोबर होता. तारीख उलटल्याचं नियमाला कळलं होतं, लालचा आकडाही त्याने पुढे केला होता. मग त्यांची नजर बटणावर गेली आणि त्यांनी कपाळाला हात लावला. काल घाबरून त्यांनी बटणाला थेट सांगितलं होतं, तू हिरवा. या धंद्यात पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं की ज्याला थेट सांगितलं तो नियमाचं ऐकत नाही. नियम मागून घसा फोडून ओरडला असणार, पण बटणाला मालकाचा हुकूम होता. एकोणीस वर्षांत झाली नाही ती चूक जबाबदारीच्या भीतीने झाली होती.

त्यांनी बटणासमोरचा आकडा पुसला, नियमात जाऊन नेहमीच्या ओळीत लिहिला, आणि बाटली पुन्हा यंत्रासमोर धरली. पडदा पुन्हा उजळला. सगळे पडद्याकडे बघत होते, बिनचूकरावही बघत होते, आणि त्यांना तेच शेवाळी-तपकिरी बटण दिसत होतं, जे मघाशी दिसत होतं, जे काल दिसत होतं. सगळे बोलायचे थांबले होते. ते कशासाठी थांबलेत हे बिनचूकरावांना कळेना. आता 'मला वाटलंच' म्हणायचं, की 'थांबा, करतो' म्हणायचं? लोकांच्या तोंडावरून काही समजतं का ते त्यांनी पाहिलं. मेट्रनबाईंच्या तोंडावरून कधीच काही समजत नसे. खोकला आणायचा त्यांनी प्रयत्न केला. खोकलाही आला नाही.

"झालं का?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक होता की साहेबांनी कान पुढे केला. "बटण लाल झालं का?"

"म्हणजे काय? तुम्हाला दिसत नाही का?" अधीक्षकांनी विचारलं.

"नाही," बिनचूकराव म्हणाले. "मला लाल आणि हिरवा सारखाच दिसतो. लहानपणापासून."

मास्तर खुर्चीत खाली खाली घसरत गेले. साहेबांनी टाय सैल केली. बिनचूकरावांनी मनातल्या मनात तळमजल्यावरच्या फोनचा आतला नंबरसुद्धा आठवून ठेवला. त्यांना लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या आतून, कसं कोण जाणे, बरंही वाटत होतं.

"लाल झालंय," कोपऱ्यातून आवाज आला. खिडकीकाका उठून उभे राहिले होते, आणि या वेळी त्यांनी हात वर केला नव्हता. "झालंय हो लाल, छान झालंय. पण मी काय म्हणतो, मी बटणाकडे बघतो कुठे? समोर माणूस कळवळत उभा असतो, मी त्याच्याकडे बघतो. बोट आपोआप बटणावर जातं, तीस वर्षांची सवय. ते लाल करा, जांभळं करा, मी दाबणारच. मी पहिल्या बैठकीपासून सांगायला बघतोय, मुदत संपली असेल तर ते बटण दाबलंच जाणार नाही असं नाही का करता येत?"

समितीने एकमेकांकडे पाहिलं.

"येतं," बिनचूकराव म्हणाले. "त्याच नियमात. आणि 'औषध द्या' ऐवजी वर ठळक अक्षरात 'मुदत संपली, देऊ नका' असंही लिहून येईल. तेही त्याच नियमात." ते खाली बसले आणि अकरा मिनिटांत त्यांनी ते केलं. खिडकीकाकांनी येऊन बटण दाबलं. बटण ढिम्म. त्यांनी दोन्ही अंगठे लावून दाबून पाहिलं. "आत्ता कसं!" ते म्हणाले. आगीच्या अधिकाऱ्यांनी तेवढ्यात विचारलं की मग आता लाल काढून टाकणार का, पण कुणी लक्ष दिलं नाही.

पाच वर्षांचं काम मिळालं. परतताना गाडीत बिनचूकरावांनी साहेबांना सगळं सांगून टाकलं: फॉर्म, चौदावा प्रश्न, बारीक टाइप, कपाट. साहेबांनी ऑफिसात शिरल्या शिरल्या दुसऱ्या मजल्यावरचं कपाट उघडायला लावलं. फॉर्म निघाला. वरचा मथळा वाचून साहेब एवढे हसले की त्यांना बसावं लागलं. मथळा होता, 'वाहनचालक पदासाठी अर्ज'. बिनचूकराव लागले त्या वर्षी नेहमीचे फॉर्म संपले होते, म्हणून हाताला आले ते वाटले होते. एकोणीस वर्षं ज्या माणसाच्या नोकरीवर टांगती तलवार होती तो माणूस या कंपनीच्या कागदोपत्री ड्रायव्हर होता.

बिनचूकरावांना मात्र हसू आलं नाही. घरी आले तेव्हा बायको गच्चीवर होती. ते चपला न काढताच वर गेले आणि पाठीमागे उभं राहून एका दमात म्हणाले, "तुला एक सांगायचंय. मला लाल आणि हिरवा ओळखू येत नाही."

बायकोने ओला टॉवेल झटकला. "माहितेय."

"माहितेय? कधीपासून?"

"लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यापासून. तुमच्या हिरव्या मोज्यांच्या आत मी पांढऱ्या दोऱ्याचा टाका घालते ना, ते उगीच का?"

बिनचूकराव तिथल्या कठड्यावर बसले. तो टाका रोज सकाळी बोटाने चाचपून ते जोडी लावत. ती मोज्यांच्या कंपनीची खूण आहे असं ते समजत, त्या कंपनीचं त्यांनी चारचौघांत कौतुक केलं होतं, आणि दुसऱ्या कंपनीचे मोजे ते बावीस वर्षांत घरात येऊ देत नव्हते.

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलणार? काल सांगणारच होते, बटण हिरवं आहे म्हणून. तर तुम्हाला खोकला आला." तिने टॉवेल दोरीवर टाकला. "तुम्ही बिचारे इतक्या कष्टाने लपवत होतात. मला वाटलं, स्वतःहून सांगतील तेव्हा सांगतील. सांगितलंत. आता तो लाल चिमटा द्या."

बिनचूकरावांनी टोपली पुढे ओढली. आत पंधरा-वीस चिमटे होते, सगळे एकाच रंगाचे. घसा अगदी स्वच्छ होता.

"यातला लाल कोणता गं?" त्यांनी विचारलं.

"डावीकडून तिसरा," बायको म्हणाली.